झांझिबार सोडून कुठेही

ज्याच्याशी आपलं लग्न होणार आहे तो माणूस पहिल्यांदा दिसावा, तेव्हा त्याच्या तोंडात आपलंच मटण असू नये. शम्साच्या नशिबी नेमकं तेच होतं.

बकरी ईदचा तिसरा दिवस होता. ओमानमधल्या इब्रा गावाच्या कडेला, खजुरीच्या बागेत, पाटाच्या पाण्याला लागून आळीचा सामायिक खड्डा आहे. ईदला बोकड कापायचा, मसाला चोळायचा, सुकलेल्या केळीच्या पानांत गुंडाळून झावळ्यांच्या पोत्यात शिवायचा, निखाऱ्यांवर सोडायचा आणि वरून चिखलाने खड्ड्याचं तोंड लिंपून टाकायचं. दीड-दोन दिवसांनी जे वर येतं त्याला शुवा म्हणतात, आणि ते वर येईपर्यंत आळीत कुणाचंही कशात लक्ष नसतं. सगळ्यांची पोती एकाच खड्ड्यात जातात आणि निघताना सगळी सारखीच काळीकुट्ट निघतात. म्हणून ज्याने त्याने आपल्या पोत्याला तारेने काहीतरी लोखंडी बांधायचं. कुणाचं गंजकं कुलूप, कुणाची सायकलची घंटी, कुणाचा बिजागरीचा तुकडा. शम्साच्या घराचा चमचा. आजोबांच्या वेळेपासून चमचाच.

त्या वर्षी पाटापलीकडच्या आळीचा खड्डा ढासळला आणि तिथले लोकही पोती घेऊन इकडे आले. त्यांच्यातल्या एका घराचाही चमचाच आहे, हे कुणी कुणाला विचारलं नाही. माणसं खुशाली विचारतात, चमचा विचारत नाहीत.

शम्सा पोहोचली तेव्हा खड्ड्यापाशी एकच पोतं उरलं होतं. त्याला चमचा होता, पण तो चांगला पळीएवढा. तिने ते पोतं गाडीत टाकलं आणि विचारत विचारत पलीकडच्या आळीतलं ते घर गाठलं. सोबत भाऊ होता, खलफान. तो गाडीतच बसून राहिला, कारण भांडणाच्या वेळी तो नेहमीच गाडीत बसतो.

दार उघडणारा तरुण उंच होता. अंगात ईदचा पांढराशुभ्र पायघोळ झगा, उजवा हात मनगटापर्यंत तेलकट, गाल फुगलेला... आणि डोळे मिटलेले. दारात पाहुणा उभा असताना हा माणूस डोळे मिटून चावत होता.

"ते आमचं आहे," शम्सा म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "काय?"

"तुम्ही जे चावताय ते."

त्याने तो घास गिळला. घाई न करता, अगदी मन लावून. मग म्हणाला, "आता नाही."

"तुमच्याकडचं पोतं आमचं आहे. तुमचं हे घ्या. तुम्हाला चमच्याचा आकार कळत नाही का?"

"काकांनी आणलं. त्यांना चमचा दिसला हेच खूप झालं."

"मग उरलेलं द्या."

त्याने मागे वळून अंगणात पाहिलं. अंगणात सगळं खानदान गोल करून बसलं होतं. कुणी वर पाहत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. "उरलेलं म्हणजे... हाडं आहेत," तो म्हणाला. "काही हाडंसुद्धा नसतील."

यावर काय बोलायचं ते शम्साने ठरवलं होतं, आणि ते चांगलंच लांबलचक होतं. पण तेवढ्यात त्याने आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणून, मशिदीत विचारावं तसं विचारलं, "हा मसाला... तुम्ही केलात?"

मसाला रय्याने केला होता. रय्या म्हणजे शम्साच्या मावशीची मुलगी. मावशी झांझिबारलाच राहिली, शम्साची आई लग्न होऊन ओमानला आली, आणि घरातली सगळी चव मावशीच्या वाटणीला गेली, असं शम्साचे वडील आई ऐकत नसताना म्हणत. रय्याची तिथे सहा टेबलांची खाणावळ होती. ती ईदला आली होती, मसाला वाटून झाल्यापासून सोफ्यावर पाय पसरून बसली होती आणि दोन दिवस येणारा-जाणारा तिचं कौतुक करून जात होता. शम्सा सरकारी दवाखान्यात औषधं देते. गोळी अर्धी की पाव, यात आजवर तिची चूक झालेली नाही. पण गोळ्यांचं कौतुक कुणी डोळे मिटून करत नाही.

"हो," ती म्हणाली. "मी केला."

असं पाहत होता तो... तुम्ही असतात तरी हो म्हणाला असतात.

पुढचं सगळं त्या 'हो'च्या बळावर झालं. त्याचं नाव हम्दान, मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. ईद उलटून महिना होतो न होतो तोच त्याची आई मागणी घालायला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "आमच्याकडचा शुवा म्हणजे... काय सांगू बाई. तुमच्या मुलीने घरात पाऊल टाकलं की ईदला ईद म्हणता येईल." हिवाळ्यात मिल्का झाली. मिल्का म्हणजे काझीसमोर सह्या. कागदावर नवराबायको, पण मुलगी माहेरीच. लग्नाची मिरवणूक पुढच्या बकरी ईदनंतर. मधल्या काळात नवऱ्या मुलाने सासरी येऊन बसावं, कहवा प्यावा, बोलावं. दार उघडं ठेवायचं आणि पलीकडच्या खोलीत सासूने काहीतरी निवडत बसायचं, एवढाच नियम.

हम्दान येऊन बसे आणि खाण्याबद्दल बोले. इतर मुली नवऱ्याच्या तोंडून आपल्या डोळ्यांचं वर्णन ऐकतात. शम्सा लवंगेचं ऐकायची. सुरुवातीला गोड वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की हा माणूस जेव्हा जेव्हा तिच्याकडे असा विरघळून पाहतो, तेव्हा तो रय्याकडे पाहत असतो.

तिने स्वयंपाक करणं टाळलं. कधी हात कापला, कधी दवाखान्यात रात्रपाळी होती, कधी आईने आधीच करून ठेवलं होतं. शम्साच्या हातचं मीठ सढळ असतं, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. तिचे वडील जेवायला बसताना पाण्याचा तांब्या आपल्या बाजूला घेऊन बसत. हम्दानला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं तर? सह्या झाल्या म्हणून काय झालं, सह्या झालेली लग्नंही मोडतात. आणि मोडलं नाही तर त्याहून वाईट. जन्मभर तो तिच्यासमोर जेवणार आणि मनातून दुसऱ्याच हाताची आठवण काढणार.

अशात एका दुपारी ओल्या खजुराचं ताट पुढ्यात ओढत हम्दान म्हणाला, "मधुचंद्राला कुठे जायचं ते मी ठरवलंय."

"कुठे?"

"बेटावर. समुद्र, नारळाची झाडं... आणि पोटभर खाणं. झांझिबार."

शम्साच्या हातातली कहव्याची किटली कपाच्या बाहेर गेली.

"झांझिबार सोडून कुठेही," ती म्हणाली.

"का?"

"सगळेच जातात. इब्रातला प्रत्येक माणूस तिथे कुणाच्या तरी चुलत काकाला भेटायला जातो. मधुचंद्र आहे की नातलगांची हजेरी?" तिने दम घेतला. "मालदीवला जाऊ."

"मालदीव," हम्दान भूगोलाच्या मास्तराच्या आवाजात म्हणाला. "सकाळी कुपा मासा, दुपारी कुपा मासा, संध्याकाळी चंद्र. कुपा मी सूरच्या बंदरातून आणतो. चंद्र तुमच्या गच्चीवरून दिसतो."

"श्रीलंका?"

"चांगली आहे. तिखट आहे, नारळ आहे. पण तिथली लवंग..." त्याने तोंड वाकडं केलं. "तुझ्या मसाल्यातल्या लवंगेसारखी नाही."

"मॉरिशस. तिथे डाळ भरलेली पोळी मिळते म्हणे, आत वाटाण्याची उसळ घालून."

"तू खाल्लीस?"

"ऐकलंय."

"पोळी खायला विमानाने जायचं आणि ऑक्टोपस सोडायचा? नारळाच्या दुधातलं ऑक्टोपसचं कालवण, शम्सा." त्याने आवाज खाली आणला. पलीकडे आईचं निवडणं थांबलेलं ऐकू आलं. "दगडावर आपटून आपटून मऊ केलेला. आणि तुझी सख्खी मावसबहीण तिथे खाणावळ चालवते. माणसाचं असं नशीब असताना माणूस मालदीवला जातो?"

"पेनांग," शम्सा शेवटचं अस्त्र काढल्यासारखी म्हणाली. रात्री जागून तिने ते शोधून काढलं होतं. "मलेशियातलं बेट आहे. तिथे लोक दिवसातून पाच वेळा जेवतात. रस्त्यारस्त्यावर. चिंचेच्या आंबट रश्श्यात शेवया आणि मासे. नारळाच्या दुधातल्या वेगळ्या. जायफळाचं सरबत."

हम्दानचे डोळे किंचित मिटले. शम्साला पहिल्यांदा आशा वाटली.

"पेनांग चांगलं आहे," तो हळूच म्हणाला. "पेनांगला आपण एकदा जाऊच. पण पहिल्यांदा... अगं, तुझ्या हाताची चव जिथून आली, ते गाव मला बघायचंय. तुझ्याबरोबर."

एखाद्या मुलीला याहून गोड काही कुणी म्हणालं नसेल, आणि एखाद्या मुलीला त्यावरून इतका संताप आला नसेल. शम्साने खजुराचं ताट उचललं आणि आत निघून गेली. आईने विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "त्याचं पोट भरलं." हम्दानच्या हातात बी होती. तो बराच वेळ ती बीच चघळत बसला.

खरा भडका आठ दिवसांनी उडाला. रय्या आपल्या खाणावळीचे फोटो फोनवर टाकायची. त्या दिवशी तिने ऑक्टोपसचा टाकला. तांबूस रस्सा, वर नारळाचं दूध, कडेला लिंबू. खाली लोकांनी हृदयं दिली होती. सगळ्यांत पहिलं हृदय हम्दानचं.

शम्साने तो फोटो मोठा करून पाहिला. लिंबूसुद्धा तिला आगाऊ वाटलं. हम्दान संध्याकाळी आला तेव्हा तिने फोन त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"ऑक्टोपस."

"खाली काय आहे?"

"ते... मी दिलं."

"कुणाला?"

"ऑक्टोपसला," हम्दान प्रामाणिकपणे म्हणाला.

"ऑक्टोपसला देवाने तीन हृदयं दिलेली असतात. तुझं चौथं त्याला कशाला हवंय?"

"तू चिडलीस?"

"मी कशाला चिडू?"

"मग काढून टाकतो."

"काढू नकोस. काढलंस की तिला कळेल मी चिडले."

हम्दानने फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मग काय करू?"

"मॉरिशसची तिकिटं काढ," शम्सा म्हणाली. पण त्याने तिच्याकडे असं पाहिलं... दारात पाहिलं होतं ना, अगदी तसंच. या माणसावर ओरडायला जीव होत नव्हता आणि न ओरडता जीव राहत नव्हता. तिकिटांचं तसंच राहिलं.

ईदला रय्या आली. लग्न ईदनंतर आठच दिवसांनी होतं, म्हणून मुक्कामालाच आली, सोबत लवंगांची थैली घेऊन. थैली उघडण्याआधीच घर घमघमलं. रय्या दिसायला सुरेख, हसायला मोकळी, आणि स्वभावाने इतकी चांगली की तिच्याबद्दल वाईट बोलायला कुठे जागाच नाही. मत्सर करायला निदान एखादी कुजकट बाई तरी मिळावी. शम्साला तेवढंही सुख नव्हतं.

पहिल्याच दिवशी रय्याने सुरमईचं कालवण केलं. हम्दान जेवायला होता. पहिल्या घासालाच त्याचे डोळे मिटले. शम्साने ते पाहिलं आणि हातातली भाकरी दोनदा मोडली.

"छान झालंय, रय्याबहीण," हम्दान डोळे उघडून म्हणाला. "पण तुम्ही शम्साचा शुव्याचा मसाला खाल्लाय का? राग मानू नका, तुम्ही खाणावळवाल्या. पण तसा हात मी पाहिला नाही."

ताटावरचे सगळे हात थांबले. खलफान उठून गाडीकडे जायच्या बेतात होता. रय्याने शम्साकडे पाहिलं. एकदाच, सावकाश. मग घास घेतला, नीट चावला आणि म्हणाली, "खाल्लाय की. बरा असतो."

आणि शम्साला वाटलं, की हिने सगळं सांगून टाकलं असतं तर निदान हिच्यावर रागावता तरी आलं असतं.

मग दोघी स्वयंपाकघरात एकट्याच असताना रय्या म्हणाली, "वेडे, मला आधी सांगायचं नाहीस? मी कालवणात जरा कमी जीव ओतला असता."

"त्याला सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? तुझा नवरा, तुझा मसाला. यंदा तूच कर. ये, दाखवते. लवंग आधी भाजायची नसते, ती..."

"मला येतो," शम्सा म्हणाली.

"येतो?"

"येतो."

रय्याने खांदे उडवले. यंदा लग्नाचे पाहुणे होते, म्हणून दोन बोकड होते. एकाला शम्साने मसाला केला. लसूण, वेलची, दालचिनी, मिरे, सुक्या मिरच्या, व्हिनेगर... दवाखान्यात काट्यावर तोलावं तसं सगळं तोलून घेतलं. मीठ तेवढं मनाने घातलं. दुसऱ्या बोकडाचा मसाला रय्याने बोलता बोलता, खलफानची टिंगल करता करता केला, आणि वास आळीच्या टोकापर्यंत गेला.

संध्याकाळी खड्ड्यापाशी दोन पोती पडली होती. निखारे लाल झाले होते, माणसं चिखल कालवत होती. एकाला नेहमीचा चमचा बांधायचा होता, दुसऱ्याला यंदापुरता काटा. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं: चमच्याचं शम्साचं, काट्याचं रय्याचं. तारा बांधायचं काम शम्साकडे होतं. कुणाचं लक्ष नव्हतं.

तिने चमचा रय्याच्या पोत्याला बांधला.

काम सोपं होतं. तारेचे दोन वेढे. आता हम्दान चमच्याचं खाणार, डोळे मिटणार, अख्ख्या खानदानासमोर म्हणणार, हाच तो हात. वर्षभराची भीती दोन वेढ्यांत मिटली. पुढच्या ईदलाही असंच काहीतरी करता येईल. त्याच्या पुढच्याही. रय्या काही बोलायची नाही. जन्मभर दर ईदला हम्दान डोळे मिटून म्हणेल, शम्सा, तुझा हात... आणि तो हात असेल रय्याचा. तिच्याच घरात, तिच्याच ताटात, तिच्याच नावाने.

म्हणजे सवत घरात आणायची आणि तिला वर आपलंच नाव द्यायचं.

शम्साने तार उलटी फिरवली. बोटाला टोचली, तरी सोडवली. चमचा आपल्या पोत्याला बांधला, काटा रय्याच्या. यात प्रामाणिकपणाचा भाग किती होता, ते तिचं तिने कधी तपासलं नाही. निव्वळ मत्सराने माणूस खरं वागतो, असंही कधी कधी होतं.

तिसऱ्या दिवशी खड्डा उघडला. पाहुण्यांची पंगत अंगणात बसली. हम्दानसाठी आतल्या खोलीत वेगळं ताट मांडलं होतं, भातावर दोन्हीकडचं थोडं थोडं. दार उघडं होतं, पण आई पाहुण्यांना वाढण्यात होती. शम्सा समोर बसली.

"चमच्याचं कुठलं?" त्याने विचारलं.

"हे."

त्याने पहिला घास घेतला. शम्सा त्याच्या पापण्यांकडे बघत होती. पापण्या हलल्या नाहीत. तो चावत राहिला, थांबला, पाणी प्यायला. पुन्हा थोडं पाणी प्यायला.

"यंदा..." तो म्हणाला, "यंदा जरा वेगळं झालंय."

"आता हे खा."

त्याने काट्याच्या पोत्यातलं घेतलं, आणि त्याचे डोळे असे मिटले, जसे वर्षापूर्वी दारात मिटले होते. बराच वेळ मिटलेलेच राहिले. उघडले तेव्हा त्यांत काहीतरी न उलगडणारं होतं.

"हाच तो," तो म्हणाला.

"तो रय्याचा आहे."

"नाही, गेल्या वर्षीचा मी म्हणतोय."

"मीही गेल्या वर्षीचाच म्हणतेय. तो मसाला रय्याने केला होता. मी खोटं बोलले. मी... त्या दिवशी तू तसं विचारलंस, आणि दोन दिवस सगळे तिचंच कौतुक करत होते, आणि..." तिने ओढणीचं टोक पिळलं. "माझं हे चमच्याचं. याच्यासाठी पाणी लागतं."

बाहेर पंगतीत कुणीतरी हसलं, भांडं वाजलं. हम्दान ताटाकडे बघत बसला होता. चेहरा असा, की जणू घरात कुणी गेलंय.

"बोल ना," शम्सा म्हणाली.

"थांब जरा," तो म्हणाला. "वर्षभराचं आहे. एकदम नाही जात."

तेवढं ऐकून तिला राग आला, आणि राग आल्यावर तिला नेहमीच जरा बरं वाटतं. "मग जा तिच्याकडे. सहा टेबलं आहेत. एक तुला देईल. रोज डोळे मिटून बस."

हम्दानने मान वर केली. "एक सांग. त्या दिवशी आमचं दार कुणी ठोठावलं?"

"मी."

"'ते आमचं आहे' कोण म्हणालं?"

"मी."

"चमच्याचा आकार कळत नाही का, असं माणसांनी भरलेल्या घरात, ईदच्या दिवशी..."

"मी म्हणाले. म्हणजे काय आता, त्याचाही हिशेब?"

"रय्या कुठे होती?"

"घरी. सोफ्यावर. पाय पसरून."

हम्दान हळूहळू हसायला लागला. "शम्सा, शुवा आमच्याकडेही दर ईदला होतो. वाईट होतो, पण होतो. भांडायला कधी कुणी आलं नव्हतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आईला काय सांगणार होतो मी? एक मुलगी दारात येऊन माझ्यावर ओरडली, तिच्याशी माझं लग्न लावून दे? म्हटलं, मसाला चांगला करते. आयांना तसलंच काहीतरी कारण लागतं."

"पण तू वर्षभर लवंगेबद्दलच बोलत होतास."

"मग कशाबद्दल बोलू? पलीकडच्या खोलीत तुझी आई बसलेली. तुझ्या डोळ्यांबद्दल बोलू?"

शम्साने उगाच त्याच्या ताटातला भात सारखा केला.

"आणि ते हृदय?"

"ऑक्टोपसचं होतं. शपथ घेतो." मग त्याने उसासा टाकला, खराखुरा, आतून. "पेनांगला जाऊ. मी तिकिटांचं बघतो. झांझिबार नको, लवंग नको, कालवण नको. शेवयाही काही वाईट नसतात."

ऑक्टोपसवर पाणी सोडणाऱ्या त्या चेहऱ्याकडे शम्सा पाहत राहिली. वर्षभर तिला हेच ऐकायचं होतं. आणि आता ऐकलं तर तिला वाटलं, की एवढं मोठं काही आजवर आपल्याला कुणी दिलेलं नाही, आणि ते घेऊ नये.

"नाही," ती म्हणाली. "झांझिबारच."

"उगाच माझ्यासाठी नको..."

"तुझ्यासाठी नाही. लवंग आधी भाजायची नसते म्हणे. मग काय करायचं असतं, ते मला तिथे जाऊन तिच्याकडून काढून घ्यायचंय." तिने बोट वर केलं. "पण अट आहे. रय्याच्या हातचं खाताना डोळे मिटायचे नाहीत."

"अजिबात?"

"उघडे ठेवायचे. टक्क."

"मान हलवली तर?"

"एकदा. जेवण संपल्यावर. आणि फोटोला हृदय द्यायचं नाही, अंगठा द्यायचा."

"मान्य," हम्दान म्हणाला. "आणि तुझ्या हातचं खाताना?"

शम्साने खाली पाहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाहेरच्या उन्हाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"तेव्हा... मिट," ती म्हणाली.

हम्दानने ताटातलं काट्याकडचं मटण बाजूला सारलं. चमच्याच्या पोत्यातला चांगला मोठा तुकडा घेतला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. घट्ट, अगदी मनापासून मिटले. आणि ते तसेच मिटलेले ठेवून, दुसऱ्या हाताने चाचपडत, तो पाण्याचा तांब्या शोधू लागला.

शम्साने तांब्या त्याच्या बाजूला सरकवला.